कोमट इंजिन

त्याने मशीन उचलायच्या आधी मी सहज इंजिनवर हात ठेवला, तर ते कोमट होतं. गरम नव्हे, कोमट. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं. विटाव्यात रेल्वेच्या पुलाकडून आत वळलं की चाळींची दाट वस्ती लागते. तिथे एका दारासमोर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चेनसॉ, म्हणजे दातांची चेन फिरवून लाकूड कापायचं मशीन, मांडला होता, पुसून चकाचक करून. शेजारी पाना, एक जुनी चेन, एक गोल कानस, सगळं कसं ओळीत, पूजेचं साहित्य मांडावं तसं. विकणारा पस्तिशीचा असेल. तो वाकला, डाव्या हाताने मशीन जमिनीवर दाबलं, मागच्या मुठीत उजव्या पायाचा चवडा अडकवला आणि दोरी ओढली. एका ओढीत चालू! सगळी गल्ली दणाणली. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई ओरडली, "आता परत?" आणि त्या एका 'परत'ने त्याचं पितळ उघडं पडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि म्हणाला, "सकाळी जरा चालवून बघितलं होतं, साहेब." मग लगेच, "चहा घेणार ना?"

मी चहा घेतला. साडेसहा हजार मोजले. मशीनही घेतलं.

जुनं टू-स्ट्रोक इंजिन बघायला जायचं ते गार असताना, हे मला पक्कं ठाऊक होतं. गरम असताना कुठलंही इंजिन गोड बोलतं. म्हातारा कार्बोरेटर, कडक झालेली नळी, कुठूनतरी हवा ओढणारं सील, हे सगळे आजार दिसतात ते सकाळच्या पहिल्या ओढीला. म्हणून विकणारा ते आधीच तापवून ठेवतो आणि घेणाऱ्याने आधी हात लावून बघायचा असतो. मी लावला, मला कळलं, आणि तरी गप्प बसलो. पैशांचं म्हणाल तर तेवढे पैसे मी याहून मूर्खपणाच्या गोष्टींवर घालवले आहेत. टोचत राहिलं ते वेगळंच. मी फसलो होतो की त्याला वाईट वाटू नये म्हणून फसल्यासारखं केलं होतं, हे काही केल्या ठरेना.

ठाण्यात, नौपाड्यात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लाकूड कापायचं मशीन कशाला हवं, हा प्रश्न घरीही विचारून झाला होता. "लोक रिटायर झाल्यावर तबला शिकतात," एवढंच ही म्हणाली. कारण साधं होतं. जुलैत आमच्या आवारातला सोनमोहर पडला. आवार असलेल्या बिल्डिंगी नौपाड्यात आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आमची त्यातली एक, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा होऊन होऊन तशीच राहिलेली. मे महिन्यात त्या झाडाखाली पिवळ्या पाकळ्यांचा असा थर साचायचा की वॉचमन झाडायचा कंटाळा करायचा आणि आम्ही त्याला काही बोलायचो नाही. सात-आठ वर्षांपूर्वी चिखल होतो म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. त्या मीटिंगला मी होतो. ठरावाला हातही वर केला होता. झाड पडलं तेव्हा मुळांसकट उचकटलेले ते ब्लॉक हवेत अधांतरी लटकत होते, हिरड्यांतून निसटलेल्या दातांसारखे.

त्या रात्रीच माणसं आली, पावसात भिजत तासाभरात रस्त्यावरच्या फांद्या कापून घेऊन गेली. भिंतीच्या आतलं खोड मात्र तसंच राहिलं. चौदा फूट लांब, दीड फूट जाड, पार्किंगच्या दोन जागा अडवून. परवानगीचा कागद सेक्रेटरीने आणला, पण तोडून उचलून न्यायचे अठरा हजार ऐकल्यावर सोसायटीत जे होतं ते झालं. म्हणजे मीटिंग. तिसऱ्या मीटिंगच्या शेवटी मी म्हणून बसलो, "मी कापतो."

मग महिनाभर वाचन. ऑनलाइन नवीकोरी मशीनं स्वस्तात मिळतात, अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची पातं, सोबत दोन चेन फुकट. मोह पडण्यासारखंच असतं. पण पातं लांब म्हणजे धार लावायला दात जास्त आणि ज्या टोकाला सगळ्यात जपायचं ते टोक आपल्यापासून आणखी लांब. दीड फुटाच्या खोडाला अठरा इंची पातं पुरतं आणि बुंध्याकडे जाड झालं तर दोन बाजूंनी कापता येतं. विजेवर चालणारं शांत असतं, पण मीटर रूमपासून आवाराच्या कोपऱ्यापर्यंत वायर, वर सप्टेंबरचा पाऊस, तेव्हा तो विचार सोडला. बॅटरीवालं परवडेना. म्हणून मग जुनं, पण चांगल्या जातीचं, पंचेचाळीस सीसीचं. टाक्या भरल्यावर साधारण साडेसहा किलो. जड म्हणून मी कुरकुरलो तेव्हा स्वतःलाच सांगितलं की आंद्रेआस श्टील या जर्मन कारखानदाराने १९२९ साली पेट्रोलवर चालणारा आपला पहिला चेनसॉ बाजारात आणला तो ४६ किलोंचा होता, उचलायला दोन माणसं लागायची. स्वतःला समजावण्यापुरता इतिहास बरा असतो.

विटाव्यात मी अगदीच डोळे मिटून व्यवहार केला असंही नाही. दोरीच्या मुठीला धरून मशीन अधांतरी लटकवून पाहिलं. आत दाब नसेल तर ते बादली विहिरीत पडावी तसं सरसर खाली जातं. हे थांबत, अडत, हुंदके दिल्यासारखं उतरलं, म्हणजे कॉम्प्रेशन होतं. सायलेन्सरचे स्क्रू काढून आत पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का ते बघायचं असतं, ते राहिलं. खरं सांगायचं तर चहा आला म्हणून राहिलं. बशीत ओतून चहा पिणाऱ्या माणसासमोर त्याच्या मशीनचे स्क्रू कसे काढायचे? तो झाडं तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे नऊ वर्षं होता. जोडीदाराच्या पायाला लागलं, मग बायकोने शपथ घातली. आता टेम्पो चालवतो. हे सांगताना त्याचा हात सारखा मशीनवरून फिरत होता. पोत्यात घालून त्यानेच ते रिक्षात ठेवलं, रिक्षाच्या टपावर हात टेकून वाकून मला काहीतरी सांगत होता. मागून बसचा हॉर्न. मी मान हलवली. रिक्षा कळव्याच्या खाडीपुलावर आली तेव्हा पोत्यातून पेट्रोलचा वास येत होता आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात मी, मशीन आणि तिसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा. चोक ओढला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहा झाल्या, वीस झाल्या. पोरगा मोठ्याने मोजत होता. एकतिसाव्या ओढीला मी त्याला शाळेला जायला सांगितलं, तर म्हणाला, "आज रविवार आहे, काका." हात खांद्यापासून भरून आला होता, तळव्याला फोड यायच्या बेतात होता आणि पेट्रोलचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला असावा, कारण वरून खिडक्या मिटल्याचे आवाज यायला लागले. मनात विटाव्याच्या त्या माणसाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्लग काढला तर ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल पोचतंय, उलट जास्तच पोचतंय. कोरडा निघाला असता तर दुखणं टाकीकडे शोधायचं होतं. ओला प्लग हातात धरला आणि नाकात तो पेट्रोल-ऑईलचा गोडसर वास गेला तसं एकदम आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. बाबांच्या स्कूटरचा प्लग असाच भिजायचा, आणि ते तो चिमट्यात धरून गॅसवर भाजायचे. "त्या चिमट्याने मी पापड भाजते हो!" आई आतून ओरडायची. पंपावर टू-टी ऑईलचं ते हाताने फिरवायचं यंत्र, काचेतून उतरणारं निळसर तेल, मग टाकी हलावी म्हणून स्कूटर डावीकडे-उजवीकडे डोलवणं, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना 'मिक्श्चर' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण मला त्या सकाळी आठवली ती वेगळीच गोष्ट. बाबा साडेआठला ऑफिसला निघायचे, आणि सात वाजता, चाळीत सामसूम असताना, खाली जाऊन एकदा स्कूटर चालू करून यायचे. झुकवायची, उभी करायची, बारा-पंधरा किका, मग एकदाची ती सुरू झाली की दोन मिनिटं चालवून बंद. वर येऊन अंघोळ, पोहे, पेपर. साडेआठला सगळे बिऱ्हाडकरू दारात असताना एका किकेत स्कूटर चालू व्हायची आणि बाबा कुणाकडेही न बघता निघून जायचे.

फसवत कुणाला होते? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांनाही माहीत असणारच, चाळीत सात वाजता कोण झोपलेलं असतं?

आईचंही तेच. मामा येणार म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून एकोणतीसचा पाढा. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरला मी हमखास अडायचो. स्वयंपाक करता करता ती मला तिथून तीन-तीनदा ओढून न्यायची. मग मामा चपला काढून बसले, पाणी प्यायले की आई अगदी सहज म्हणायची, "अरे, मामाला पाढा म्हणून दाखव बघू एखादा, कुठलाही." आणि मी तापलेल्या इंजिनासारखा एकोणतीसचा पाढा सुरू करायचो. मामाही बिचारे नेहमी चकित व्हायचे.

पेट्रोल जास्त झालं की उपाय असा. प्लग काढायचा, चोक बंद करायचा, मशीन प्लगचं भोक खाली येईल असं धरून दोरी आठ-दहा वेळा ओढायची म्हणजे आतलं साचलेलं बाहेर येतं. मग प्लग पुसायचा, सगळं वाळू द्यायचं आणि बाजूला सरकून, ब्रेक पुढे ढकलून, पुन्हा पहिल्यापासून. मी तसं केलं. नेमकी त्या वेळी लोकलही नव्हती, कुकरही नव्हता, तळमजल्यावरचं मिक्सरही बंद होतं. तिसऱ्या ओढीला मशीनने एक छोटासा आवाज केला. फट्. लहान मुलाने ढेकर द्यावा तसा. आणि मला रिक्षाच्या टपावर हात टेकून वाकलेला तो माणूस दिसला. बसच्या हॉर्नखाली तो म्हणत होता ते शब्द तेव्हा कानावर पडले होते, पण आत शिरले नव्हते. "पहिला फट् झाला की चोक काढा, साहेब. त्याच्यापुढं ओढत बसू नका."

चोक अर्धा केला. पुढच्या ओढीला चालू.

म्हणजे त्याने सांगितलं होतं. मशीन तापवूनही ठेवलं होतं आणि गार असताना काय करायचं तेही सांगितलं होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात याचा विचार करत मी रेस दिली, तर इंजिन गरजतंय आणि चेन जागची हलत नाही. क्लच गेला, असं मी जाहीर करून टाकलं. पोरगा म्हणाला, "काका, तो पुढचा दांडा मागे ओढायचा असतो ना?" ब्रेक मीच लावला होता, पाच मिनिटांपूर्वी.

हे सगळं झाल्यावर दुखणी संपतील असं वाटलं होतं, पण मशीन पूर्ण रेस दिली की घुसमटून बंद पडायला लागलं. कोपरीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या तरी त्यांचे हात त्याच कामाचे राहिले. त्यांनी सायकलच्या तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून आतला फिल्टर बाहेर ओढला. काळाकुट्ट होता, आणि ज्या नळीला तो लटकलेला होता ती वाकवल्याबरोबर काडीसारखी मोडली. कार्बोरेटर उघडून त्यातला पडदा माझ्या तळहातावर ठेवला. रबराचा तो पातळ पडदा मऊ लवचिक असायला हवा, कारण त्याच्या खालीवर होण्यावरच पेट्रोल आत यायचं असतं. हा पापडासारखा वाजत होता. "आत्ताच्या पेट्रोलात इथेनॉल," मिस्त्री म्हणाले, "ते हवेतलं पाणी ओढतं. भरून तसंच ठेवलं की गेलं. काम झालं की टाकी ओता, मग चालू करून सोडून द्या, आपलं आपण बंद पडेपर्यंत." एका लिटरला वीस मिली चांगलं टू-टी, त्याहून कमी केलंत तर पिस्टन चिकटणार, हेही दटावून सांगितलं. घरी खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण होतं, तेव्हापासून मी दोन टोपणं मोजतो आणि ही ते टोपण कचऱ्यात टाकायला सांगते.

मिस्त्रींची एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून त्यांनी रेस दिली, आवाज इतका मोकळा आणि उंच गेला की मी म्हटलं, "वा!" त्यांनी मान हलवली. "हे जे गोड गातंय ना, ते पिस्टन खाणार. पेट्रोल कमी पडतंय त्याला, म्हणजे तेलही कमी." स्क्रू किंचित उघडला. आवाज जरा घोगरा झाला, वरच्या पट्टीला अडखळायला लागला. "मोकळं असताना असं तोतरं बोललं पाहिजे. लाकडात घातलं की आपोआप सरळ होतं." मग मंद चालताना चेन अगदी थांबलेली राहील इतका स्लो कमी करून दिला. पैसे सांगताना स्वतः मात्र अजिबात अडखळले नाहीत.

चेन आणायला नागदेवीला गेलो. "अठरा इंची द्या" म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चप्पल घ्यायला जाऊन 'एक माणसाची द्या' म्हटलं असावं. पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, किती, गेज, म्हणजे पात्याच्या खाचेत बसणारी जाडी, किती, लिंका किती? पात्यावरच कोरलेलं असतं, घरी जाऊन वाचा. वाचलं, ०.३२५ इंच, दीड मिलिमीटर, ७२ लिंका. पुन्हा मस्जिद स्टेशन. घरी येऊन पात्याची खाच साफ केली, तेलाचं भोक भुशाने बुजलेलं ते तारेने मोकळं केलं. मशीन चालवून टोक वर्तमानपत्रासमोर धरलं तर कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे ठीक. टोक वर उचलून धरून चेन ताणली, हाताने ओढून बघितली, नट आवळले. आणि खोडावर टेकवली. धूर. नुसता धूर आणि जळक्या लाकडाचा वास, खोडावर एक तपकिरी चट्टा. पाच मिनिटं मी त्या झाडाच्या कठीणपणाचं कौतुक करत होतो. मग माझ्या सल्लागाराने वाकून पाहिलं. "काका, दात उलटे आहेत."

वरच्या बाजूला दातांची तोंडं पुढे, टोकाकडे हवीत. ही चूक माझ्या आधी जगात बऱ्याच जणांनी केली असणार, पण आठवीतल्या मुलाने दाखवून दिलेली मी तरी ऐकलेली नाही.

सुलटी चेन लाकडात शिरली तेव्हा मी घाबरलोच. लोण्यातून सुरी म्हणतात ते खोटं, लोणी असं उडत नाही. बुटांवर जाड ढलप्यांचा ढीग साठत गेला, आतलं लाकूड लालसर, ओलं, कच्च्या शेंगेसारख्या तुरट वासाचं. समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी मोबाइल समोर धरून गेटातून आत आली, "परमिशन आहे का तुमच्याकडे?" मी मशीन बंद केलं, कानावरचे बोळे काढले, कागद दाखवला. तिने तो पूर्ण वाचला, तारखेसकट. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी त्या मीटिंगला ती हवी होती.

तिसऱ्या दिवशी खोडातून ठिणग्या उडाल्या. आत लोखंडी हूक होता, सालीने गिळून टाकलेला. तळमजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझाच तो. कपड्यांच्या दोरीचा. ह्यांनी ठोकला होता." त्यानंतर मशीनमधून ढलप्या यायच्या थांबल्या आणि पिठासारखा भुसा यायला लागला. पीठ म्हणजे धार गेली. तेव्हा विटाव्याहून आलेली ती गोल कानस हातात घेतली.

धार लावायला बसल्यावर त्या दाताकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. करवतीच्या दातासारखा तो टोकदार नसतो. वाकलेल्या तर्जनीसारखा असतो, लाकूड खरवडत नाही, तासून उचलतो. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली, अंगठ्याएवढी, आडव्या-उभ्या कुठल्याही दिशेने लाकूड खात जाणारी. तिचे जबडे कसे चालतात हे निरखून त्याने घराच्या तळघरात हा दात घडवला. आजच्या चेनचा दात मुळात त्याच घडणीचा. म्हणजे आमचा सोनमोहर शेवटी अळीनेच खाल्ला म्हणायचा.

जुनी चेनही घासायला घेतली, सरावाला. तीस अंशांत कानस धरायची, आतून बाहेर, एकाच दिशेने, परत आणताना उचलून. प्रत्येक दाताला तेवढ्याच ओढी. आणि बघतो तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा चांगलेच आखूड. उजव्या बाजूचे झिजलेले, डावे लांब. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाला एक बाजू घासायला सोपी जाते, जोर जास्त लागतो. नऊ वर्षं रोज संध्याकाळी, दमलेल्या हाताने, ठेकेदाराची गाडी सुटायच्या आत त्याने ती घासली असणार. असे दात असले की काप सरळ जात नाही, लांब दातांच्या बाजूला वळतो. त्याचा प्रत्येक काप डावीकडे वळत असेल, आणि तो मनगटाने सावरत असेल, सवयीने, लक्षातही न येता. एवढं माझ्या शेजाऱ्यांबद्दलही मला माहीत नाही.

एकदा मात्र चुकलो. फांदीचा तुकडा पलीकडे पडला होता तो दिसला नाही, पात्याच्या टोकाचा वरचा भाग त्याला लागला आणि मशीन माझ्या तोंडाकडे उसळलं. डाव्या हाताच्या मागच्या बाजूने ब्रेकचा दांडा ढकलला गेला, चेन जागच्या जागी थांबली. हे सगळं मला नंतर जुळवून कळलं. त्या क्षणी फक्त एक झटका आणि पुढे शांतता. आजींनी आतून पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही. मी दहा मिनिटं ओंडक्यावर बसलो. त्याच्या बायकोने घातलेली शपथ तेव्हा समजली. घरी सांगितलं नाही. हे वाचल्यावर कळेलच.

दिवाळीच्या आधी पार्किंग मोकळं झालं. एक जाड चकती आजींनी तुळशीची कुंडी ठेवायला घेतली, "पूर्वीचे दिवस असते तर बंबात घातली असती" म्हणत. बाकीचं कुणी कुणी नेलं. माझ्याकडे एक ओंडका गॅलरीत आहे, त्यावर बसून चपला घालतो. आणि मशीन उरलं. नौपाड्यात त्याला आता काय काम? तेल पुसून, टाकी रिकामी करून ठेवलं, तरी रोज जाता-येता डोळ्यांसमोर यायचं. शेवटी विकायचं ठरवलं. मुरबाडकडचा एक तरुण रविवारी सकाळी दहाला येतो म्हणाला, वाडीतला वाळलेला आंबा तोडायचाय.

मी एका कागदावर सगळं लिहून काढलं. गार असताना चोक पूर्ण, तिसऱ्या-चौथ्या ओढीला फट्, लगेच चोक अर्धा. पेट्रोल किती, तेल किती. डावे दात आता घासून उजव्याइतके केले आहेत, पण जुन्या चेनवर भरवसा ठेवू नका. काही लपवायचं नव्हतंच. आणि मग साडेआठ वाजता खाली उतरलो, वर्तमानपत्र अंथरलं, पाना, कानस, दुसरी चेन ओळीत मांडली. गार मशीन चालू करायला मला सात ओढी लागल्या. दोन मिनिटं चालवलं, बंद केलं, बोटांचे ठसे पुसले. वरून ही म्हणाली, "आता कशाला?" उत्तर सुचलं नाही. पोरगा म्हणाला, "काका, तो आला की परत करणार?"

तो आला. पंचविशीचा. वाकून त्याने इंजिनवर हात ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मी वेगळंच ठरवलं होतं.

"सकाळी जरा चालवून बघितलं होतं," मी म्हटलं.

तो हसला नाही, रागावलाही नाही. मी एका ओढीत चालू करून दाखवलं. त्याने पैसे दिले, कागद न वाचता घडी करून खिशात घातला. रिक्षा थांबवली, पोतं मी उचलून आत ठेवलं आणि वाकून सांगायला लागलो, पहिला फट् झाला की चोक काढ, पुढे ओढत बसू नकोस. मागे टीएमटीची बस हॉर्न वाजवत होती. तो मान हलवत होता, आणि त्याचं सगळं लक्ष पोतं कलंडतंय का तिकडे होतं.